दुपारी बाराची पालखी

वन्स, बाकीचं सगळं मागून सांगते, आधी हे ऐका: तो अर्धा तास सापडला.

कुठला अर्धा तास, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, तुम्हाला त्याची गंधवार्ताही नव्हती. वर्षभर मी एकटीच तो शोधत होते आणि कोणाकडे बोलले नव्हते. आपल्या घरात बोलण्याचं खातं तुमच्याकडे होतं. "आमच्या सुलभाच्या तोंडाला कुलूप, नि किल्ली तिच्या कंप्युटरात," हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचात, तेही माझ्यादेखत. मी हसायचे आणि चहा टाकायला आत निघून जायचे. आज मी आत जाणार नाही. पहाटेच्या गाडीनं रोह्याहून पेणला आले ती तशीच टेबलाशी बसलेय. पिशवी दारात पडलीय. हे तुम्हाला सांगून होईपर्यंत मला अंघोळसुद्धा सुचायची नाही.

गणपती गेले आणि दोन दिवसांत तुम्ही गेलात. तेराव्याला लोक बोलले, भरभरून बोलले. तुम्ही शिवलेले ब्लाउज निघाले, तुम्ही जुळवलेली लग्नं निघाली, तुम्ही मोडलेली एक-दोनही निघाली. पालखीच्या ग्रुपचं मात्र कोणी काढलं नाही. मला राग आला. पण मी तरी कुठे काढलं?

हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते. देवळापाशी पोलिसांची सलामी होते, पालखी गावात शिरते आणि परत देवळात जाते ती दुसऱ्या दिवशी, पुन्हा सलामी घेऊन. मधला दिवस आणि मधली रात्र ती दारोदार फिरते. सगळं गाव जागं, आणि घरोघर एकच प्रश्न: कुठवर आली? वन्स, तुम्हाला त्या प्रश्नाचा कंटाळा आला, म्हणून तुम्ही फोनवर ग्रुप काढलात आणि नावही तेच ठेवलंत, 'पालखी कुठवर'. नियम एकच. पालखी आपल्या दारात आली की 'आली' एवढंच लिहायचं, फोटो-बिटो नंतर.

पहिल्याच वर्षी तुम्ही पलीकडच्या आळीतल्या नानांना धरलंत. ते भाषण मला पाठ आहे.

"नाना, ढोल ऐकला नि 'आली' लिव्हलंत. ढोल आला म्हंजे पालखी आली नाय. दांडी खांद्यावरनं खाली आली की लिव्हायचं."

"अगो, पण तवा माझे हात जोडलेले असतात."

"मग देवाची रजा घ्या, एक हात सोडा नि लिव्हा."

मला या कामात तुम्हीच ओढलंत. मी औषधांच्या चाचण्यांचे प्रोग्रॅम लिहिते. रुग्णाला औषध कधी दिलं, मग रक्त कधी कधी काढलं, त्या सगळ्या वेळा तपासायच्या आणि त्यांतून तक्ते काढायचे. तुम्ही ते रोह्यात असं सांगायचात, "आमची सुलभा पेणला घरात बसून लोकांच्या रक्ताला घड्याळ लावते." मग एक दिवस मला म्हणालात, "लोकांच्या रक्ताला लावतेस ना, मग महाराजांच्या पालखीला लाव. कुणाच्या दारात कधी येणार ते सांग. म्हातारी माणसं उगाच ताटकळतात गो."

खरं सांगते, पगाराच्या कामात मला इतकी मजा कधी आली नव्हती. ग्रुपवरच्या 'आली'चे चार वर्षांचे निरोप मी गोळा केले. त्यांत नेटवर्क अडकून उशिरा पोचलेले होते, एकाच घरातून सासू-सुनेनं दोनदा पाठवलेले होते, आणि नानांचे ढोलवाले होतेच. सगळं निवडत बसायचं, तांदूळ निवडावेत तसं. कधी एखाद्या घराची वेळच यायची नाही, आणि तिथे मी टिंब ठेवायचे. आमच्या कामात माहीत नसलेली वेळ म्हणजे एक टिंब. त्यावरून आपलं भांडण जुंपलं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

"शून्य लिव्ह की मग," तुम्ही म्हणालात.

"शून्य म्हणजे मध्यरात्र, वन्स. मशीन म्हणेल, पालखी रात्री बरोबर बाराला आली."

"मग अंदाजानं टाक. अलीकडच्या घराची वेळ हाय, पलीकडच्याची हाय, मधली मधे."

"अंदाज टाकला की दोन वर्षांनी तोच खरा वाटायला लागतो."

"तुझं ते टिंब बघवत नाय मला. पानात मीठ वाढलं नि भात वाढायला विसरली, असं दिसतं."

मी टिंब तसंच ठेवलं.

आता गेल्या वर्षीचं. मशीनला वेळ म्हणजे मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद, बाकी त्याला काही कळत नाही. रात्री पावणेबारा म्हणजे भलामोठा आकडा. अर्ध्या तासानं सव्वाबारा झाले की आकडा एकदम चिमुकला, कारण मध्यरात्रीला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. बाकीच्या गावाला त्याचं काही वाटलं नाही, पण तुमच्या दारात पालखी यायची तीच बाराच्या आगेमागे. दोन वर्षं बाराच्या आत, दोन वर्षं बारानंतर. मशीननं दोन मोठे आणि दोन चिमुकले आकडे एकत्र केले, सरासरी काढली आणि उत्तर दिलं: दुपारी बारा.

मी न बघता अख्खा तक्ता ग्रुपवर टाकला.

ही चूक मी कामावरच्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच दाखवते. औषध रात्री दिलं आणि रक्त पहाटे काढलं, की नुसतं घड्याळ बघायचं नसतं, औषध दिल्यापासून किती वेळ गेला ते मोजायचं असतं. तिथे मी डोळ्यांत तेल घालून बसते. इथे बसले नाही, कारण हे घरचं होतं.

आणि तुम्ही काय केलंत? पालखीच्या दिवशी भर दुपारी बाराला नवी साडी नेसलात, ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभ्या राहिलात आणि तुमच्या नितीनला व्हिडिओ काढायला लावलात. रस्ता मोकळा, एक कुत्रं झोपलेलं. तुम्ही कपाळाला हात लावून लांबवर बघताय आणि म्हणताय, "सुलभानं बाराचा टाइम दिलाय. महाराज अजून कसे नाय आले?" वर लगेच ग्रुपवर लिहिलंत, 'आली'. नानांनी खाली लिहिलं, "महाराजांची एस.टी. चुकली असंल." मग सगळं रोहे हसत सुटलं.

वन्स, मी तुमच्यावर रागावले नव्हते. हे वर्षभर सांगायचं राहिलं. मला लाज वाटली होती. राग असता तर तुम्ही तो दोन वाक्यांत काढून टाकला असता. लाजेवर तुमच्याकडे औषध नव्हतं, कारण ती तुम्हाला जन्मात कधी वाटली नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्याच दुपारी, हसण्याचे निरोप टणाटण येत असतानाच, मी चूक दुरुस्त केली. सलामी म्हणजे शून्य. तिथून प्रत्येक दारापर्यंत किती वेळ लागला तेवढंच मोजायचं. सलामी सकाळी सहाला धरली आणि तुमच्या दारापर्यंत अठरा तास लागले, तर मशीन चोवीस म्हणतं. पुढे रात्रीचे बारा दहा म्हणजे चोवीस दहा, एक वीस म्हणजे पंचवीस वीस. आमच्या कामात हे चालतं. मध्यरात्र झाली म्हणून कोणी मोजणी मोडत नाही. पालखी देवळात परत बसेपर्यंत एकच दिवस, लांबच लांब, सलग. मला उठून नाचावंसं वाटलं होतं. ज्या एका माणसाला फोन करून हे सांगायचं, ते माणूस म्हणजे तुम्ही. आणि मी केला नाही.

चारला तुमचाच आला.

"रागावलीस काय गो?"

"नाही."

"मग येतेस ना? तुझ्या नवऱ्याची नाइट शिफ्ट हाय म्हंतो. तू ये एकटी. मी थांबते तुझ्यासाठी."

"निघते हो," मी म्हणाले.

निघाले नाही. म्हणजे पेण स्टेशनापर्यंत गेले. बाकावर बसले. गाडी आली आणि कासूकडे, रोह्याच्या दिशेनं निघूनही गेली. मी बसूनच राहिले. मग रिक्षा करून घरी आले आणि फोन उलटा ठेवला. हे मी तुमच्या भावालासुद्धा आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला, तो मी घेतला नाही. 'मीटिंगमध्ये आहे' असं लिहून पाठवलं. मग आपलं बोलणं झालं ते सगळं असंच. बरं आहे ना, हो, गोळ्या घेताय ना, हो गो बाई. शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा खाटेभोवती माणसं होती. मी म्हणाले, "बरं वाटेल." तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझी गाडी वेळेवर आली काय आज?" मला वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलताय.

आता तो अर्धा तास. गेल्या वर्षीच्या 'आली' मी महिन्याभरानं उघडल्या. नव्या मोजणीनं आलेल्या वेळा एका बाजूला ठेवल्या, खऱ्या वेळा दुसऱ्या बाजूला. तुमच्या आळीपर्यंत दोन्ही जवळजवळ सारख्या, इतक्या की मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आले. आणि तुमच्या घरापासून पुढे, एकूण एक दारात, पालखी अर्धा तास उशिरा. एका जागी पायरी असल्यासारखा आकडा वर चढला होता आणि देवळापर्यंत खाली उतरलाच नव्हता. काय झालं असेल? पाऊस नव्हता. जनरेटर बंद पडला म्हणावं तर कोणीतरी लिहिलं असतं. मी बँडवाल्यांवर संशय घेतला, रस्त्याच्या खोदकामावर घेतला. तुमच्या ओळीत दुपारी बाराची ती चेष्टेतली 'आली' होती आणि रात्रीच्या जागी टिंब होतं. ज्या बाईनं ग्रुप काढला तिनंच रात्री लिहिलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हीही रुसलात. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण तो फोन तुम्हालाच करावा लागला असता. म्हणून मी वर्षभर बँडवाल्यांवर संशय घेत राहिले.

या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी नितीनचा फोन आला. "मामी, या तुम्ही."

"अरे, पण वर्षाच्या आत सण..."

"सण नाय करायचा, मामी. पण पालखी आपण थोडीच आणतो? ती येते."

हे तुमच्याच मुलाच्या तोंडून येऊ शकतं. मी नवा तक्ता ग्रुपवर टाकला, या वेळी तीनदा तपासून. तुमच्या दारासमोर लिहिलं होतं चोवीस दहा. नानांनी लगेच विचारलं, "हे कुठल्या देशाचं घड्याळ?" मला हा प्रश्न तुमच्याकडून ऐकायचा होता. दोन दिवस मी मूर्खासारखी तुमच्या टोमण्याची वाट बघितली.

काल संध्याकाळी गाडीत बसले आणि या खेपेला खरोखर रोह्याला उतरले. रात्री तुमच्या ओटीवर मी आणि नितीन बसलो होतो. गेल्या वर्षी तो पालखीच्या खांदेकऱ्यांत होता, यंदा घरीच. ढोल लांबवर वाजत होता. तो आपला सहज म्हणाला, "यंदा वेळेत जाईल पुढं. गेल्या वर्षीसारखं नाय होणार."

"गेल्या वर्षी काय झालं?"

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला म्हायत नाय? आईनं पालखी धरून ठेवली ना."

"म्हणजे?"

"ओवाळून झालं, नारळ झाला, आम्ही उचलणार, तर म्हंते, थांबा, सुलभा निघालीय पेणहून, पोचंलच आता. कोणतरी म्हणाला, काकी, पुढं लोक खोळंबलेत. तर म्हंते, चहा ठेवलाय, चहा घेतल्याबिगर दांडीला कोण हात लावतो बघते. एवढ्या माणसांना चहा, मामी. दोनदा दूध आणायला पळालो मी. शेवटी गुरवांनी तिच्यापुढं हात जोडले, तवा सोडली."

"मला का नाही सांगितलंत कोणी?"

"आईनंच सांगितलं, तिच्याकडं काढायचं नाय. मनाला लावून घेते ती. गाडी चुकली असंल तिची, म्हणाली."

वन्स, मी तिथेच फोन काढला आणि गेल्या वर्षीचा तो आलेख उघडला. पायरी जिथून सुरू होते ते दार तुमचं. अर्धा तास म्हणजे दोनदा दूध, सगळ्यांचा चहा आणि गुरवांचे जोडलेले हात. टिंब पडलं, कारण तुमच्या हातात फोन नव्हता, किटली होती. तुम्ही माझी वाट बघितलीत, आणि ती वाट बघणं तुमच्या आळीतून पुढे सरकत प्रत्येक दारात पोचलं. माझ्याकडे ते सेकंदांत मोजलेलं पडून होतं आणि मला वाचता येत नव्हतं. मी हसायला लागले. नितीन घाबरला, मग तोही हसला, मग आम्ही दोघंही हसत राहिलो नाही.

आणि एवढा मोठा टोमणा हातात असून तुम्ही तो वर्षभर वापरला नाहीत. तुम्ही, ज्यांनी माझ्या पहिल्या उकडीच्या मोदकांवरून चिडवणं लग्नापासून शेवटपर्यंत सोडलं नाही. दवाखान्यात तेवढं एकदा, गाडी वेळेवर आली काय, एवढंच. तुम्ही गुंगीत नव्हतात.

पालखी आली चोवीस चौदाला. चार मिनिटांचा फरक. वन्स, चार मिनिटं. एवढा गुलाल, एवढा ढोल, एवढी माणसं, आणि चार मिनिटं. ती तुमची म्हणून सोडून देते. नितीन मागे उभा राहिला, मी ओवाळलं. नारळ झाला. खांदेकऱ्यांनी दांडीला हात घातले आणि कोणाचा तरी आवाज मला ऐकू आला, "थांबा. चहा घेतल्याशिवाय कोणी उचलायची नाही." तो माझा होता.

गुरव म्हणाले, "वहिनी, यंदापण?" मी म्हणाले, "यंदापण." नितीनच्या बायकोनं काही न विचारता मोठं पातेलं चढवलं.

थोड्या वेळानं ग्रुपवर नाना आले. "चोवीस तीस झाले. आमच्याकडं अजून आली नाय. सुलभा, मशीन परत बिघडलं काय?"

त्या ग्रुपवर तक्त्यांशिवाय मी कधी काही लिहिलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. काल लिहिलं. "मशीन ठीक आहे, नाना. पालखी वन्सच्या दारात आहे. गेल्या वर्षी त्यांनी ती माझ्यासाठी थांबवली होती. मी निघाले असं सांगितलं होतं, पण निघाले नव्हते. आज आले आहे. चहा चालू आहे."

मग नानांचा निरोप आला. "मग साखर जास्त टाक. आमी जागेच आहोत."

आता तुमच्या ओळीचं. गेल्या वर्षीचं टिंब मी भरलेलं नाही. भांडण चालू राहू दे. दुपारी बाराची ती 'आली' सरासरीत घेतलेली नाही, पण काढूनही टाकलेली नाही, ती ओळीत राहील. बाजूच्या रकान्यात, जिथे उशिराचं कारण लिहितात, तिथे आज पहिल्यांदा लिहिलं: सुलभाची वाट. आता पानात नुसतं मीठ दिसणार नाही तुम्हाला.

बाहेर ऊन चढलंय. शेजारी लोक नवा दिवस म्हणून कामाला लागलेत. पण मी मघापासून फोन समोर ठेवून बसलेय आणि ग्रुपवर परतीच्या सलामीचं अजून कोणी लिहिलेलं नाही. माझ्या चहामुळे थोडा उशीर होईलच. आत्ता तेहतीस वाजून गेलेत, वन्स. पालखी बाहेर आहे. कालचा दिवस अजून संपलेला नाही.